मेरू, सुलभ आणि बियाण्याचे पैसे

कोकिळाला कशाकशाची भीती वाटते हे विचारत बसलात तर दिवस मावळेल, कशाची वाटत नाही ते विचारा, असं तिची सासू सोजराबाई चारचौघींत सांगायची. कुत्र्याची वाटायची, विजेची वाटायची, विहिरीच्या काठाची वाटायची. माहेर धाड गावाजवळचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा काळीपिवळी जीप माणसांनी इतकी भरली होती की दोन पोरं मागच्या पायरीवर लटकली होती, आणि हिने ती दोघं पडतील या भीतीने घाट संपेपर्यंत डोळे मिटून देवीचं नाव घेतलं. ती दोघं मजेत गाणं म्हणत होती. शाळेत कविता म्हणायला उभी केली की हिचा आवाज घशातच राहायचा. मास्तर म्हणायचे, नाव कोकिळा ठेवलं आणि गळा द्यायचं विसरले.

अशी ही बाई मोताळ्याच्या पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसली ती सासूमुळे. तालुक्याला कॉम्प्युटरचा वर्ग निघाला, बायांना फी अर्धी होती. नवरा म्हणाला, शेतातली वेचणी कोण करील? सोजराबाई म्हणाली, मी करीन. आणि सुनेला म्हणाली, “घरी बसून फुकट भेतं, त्यापरीस पगार घेऊन भे.”

पतसंस्थेत तिची भीती कामाला आली, असं म्हणायला हरकत नाही. कोणाच्या खात्यात एक आकडा टाकला तर ती तो तीनदा पाहायची. सकाळी मशीन सुरू करण्याआधी त्यावर हात ठेवून मनातल्या मनात देवीला हाक मारायची आणि मगच बटण दाबायची. मॅनेजर महादेवराव हसायचे. म्हणायचे, “बाई, तो कॉम्प्युटर हाय, बाळंतीण नाही.” ती ओशाळायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हात ठेवायचीच. गुरुवारी उपास, शनिवारी मारुतीला तेल, आणि मधल्या दिवसांत भीती, असं तिचं चाललेलं होतं.

संस्थेच्या तेव्हा तालुक्यात आणि बाहेर मिळून काही शाखा होत्या. प्रत्येक शाखेचं मशीन वेगळं. संध्याकाळी दिवसभराचं काम फ्लॉपीत भरायचं आणि ती फ्लॉपी एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती मोताळ्याला धाडायची. एकदा फ्लॉपी गाडीतल्या ज्वारीच्या पोत्यावर राहून गेली आणि मलकापूरला जाऊन आली. मग अध्यक्ष नारायणराव यांनी ठरवलं की आता सर्व्हर घ्यायचा. नारायणराव म्हणजे जिनिंगवाले, कापसाच्या गिरणीचे मालक. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती दुसऱ्याच्याही डोक्यात शिरेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही.

सर्व्हर म्हणजे काय, हे कोकिळाने घरी सासूला असं सांगितलं: गावात पाण्याची एक टाकी असते आणि घरोघरी नळ असतात, तसं. पाणी टाकीतच, आपण नुसती तोटी सोडायची. सोजराबाईने विचारलं, “आन टाकी फुटली तं?” कोकिळालाही पहिल्या दिवसापासून तेच वाटत होतं.

दोन कंपन्या आल्या. एकीचा सर्व्हर मेरू. कंपनी जुनी, माणसं कमी बोलणारी, पडदा काळा आणि त्यावर पांढरी अक्षरं, चित्र नाही, रंग नाही. दुसरीचा सुलभ. कंपनी नवी, पुण्यात काचेची इमारत, पडद्यावर रंगीत खिडक्या, उंदीर फिरवला की सगळं समोर. दोन्ही कंपन्यांनी सांगितलं, कापसाचा हंगाम संपेपर्यंत फुकट वापरा, मग जो आवडेल तो ठेवा. मागच्या खोलीत शेगावच्या महाराजांच्या फोटोखाली दोन्ही शेजारी शेजारी मांडले. ठेवीचं काम मेरूवर, कर्जाचं सुलभवर. कोणता किती वेळा बंद पडतो ते पाहायचं काम कोकिळाकडे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती खुणा करायची, मेरूची लाल, सुलभची निळी.

मेरूसोबत आणखी एक लहानसा करडा डबा आला होता. बसवणाऱ्याने तो मोठ्या डब्याला वायरने जोडला, काहीतरी भराभर सांगितलं आणि शेवटची गाडी पकडायला पळाला. दोन दिवसांनी भारनियमनाचं वेळापत्रक बदललं आणि इन्व्हर्टरवर एक प्लग कमी पडायला लागला. महादेवरावांनी पाहिलं, मोठा डबा काम करतो, लहान नुसता बसून आहे. त्यांनी त्याचा प्लग काढला आणि तो डबा कपाटावर ठेवून दिला.

“हे बीटीच्या बॅगेतलं लहान पाकीट हाय,” ते म्हणाले. “कंपनी देते, कोणी पेरत नाही.”

सगळे हसले, कोकिळाही हसली. कारण ते खरंच होतं. अळी लागू न देणारी बीटीची सरकी आल्यापासून प्रत्येक बॅगेत एक लहान पाकीट येत होतं, साध्या सरकीचं. वावराच्या चौफेर त्याची तासं घ्यायची, म्हणजे अळीला तिथे खायला मिळेल आणि ती बीटीला सरावणार नाही, असं बॅगेवर लिहिलेलं असायचं. पण अळीला जेवू घालायला कोण जमीन देतो? लोक ते पाकीट बांधावर फेकायचे, कोणी ढोराच्या आंबोणात टाकायचं. मोताळ्यात लहान लेकरालाही ठाऊक होतं की मोठ्या वस्तूसोबत येणारी लहान वस्तू कंपनीच्या समाधानासाठी असते.

दिवाळीपर्यंत कॅलेंडर लाल झालं. मेरू रोज संध्याकाळी काम संपताना थांबायचा. काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक ओळ यायची आणि मग कितीही बटणं दाबा, हलायचा नाही. सकाळी बंद करून पुन्हा सुरू करावा लागायचा, तोवर ठेवीच्या खिडकीवर रांग. बाया पदराने वारा घेत महादेवरावांना बोल लावायच्या. सुलभची निळी खूण मात्र एकही नाही. वीज असो की गेलेली असो, रंगीत खिडक्या हसत उभ्या.

ते वर्ष शेअर बाजाराच्या चढाचं होतं. मोताळ्यात चहाच्या गाडीवरसुद्धा कापसाच्या भावानंतर शेअरचा भाव निघायचा. नारायणरावांचे जावई अकोल्याला शेअरचं काम करत. त्यांच्याकडून कळलं की सुलभवाली कंपनी संक्रांतीच्या सुमाराला पहिल्यांदाच बाजारात उतरणार, शेअर काढणार. नारायणरावांचं डोकं चाललं. आपण सुलभ घेतला की आपलं पाहून जिल्ह्यातल्या बाकीच्या संस्था घेतील, त्यांचं पाहून विदर्भातल्या घेतील, म्हणजे कंपनी वर जाणार, आणि ही गोष्ट मुंबईवाल्यांच्या आधी आपल्याला मोताळ्यात कळलेली. संस्थेचा पैसा शेअरमध्ये घालायला कायदा आडवा येत होता. मग त्यांनी कर्मचाऱ्यांना, सभासदांना, बचत गटांना सांगायला सुरुवात केली, की ज्याला यायचं त्याने यावं, जावयाच्या खात्यातून सगळ्यांचं मिळून घेऊ.

कोकिळाचं सासर मोताळ्याबाहेरच्या एका लहान गावात; तिथल्या बायांचा बचत गट होता. सोजराबाई त्याची अध्यक्ष आणि रुक्मिणीबाई म्हणून शेजारची बाई सचिव. वेचणीच्या मजुरीतून आणि घरच्या कापूसविक्रीच्या पट्टीतून बायांनी वर्षभर जो पैसा बाजूला टाकला होता तो जूनमधल्या बियाण्यासाठी होता. बीटीची बॅग महाग, आणि ऐन पेरणीत नवरे उसनवारीला बाहेर पडले की व्याज पिकाच्या आधी उगवतं, हे सगळ्या पाहून बसलेल्या. म्हणून हा पैसा. त्याला कोणी हात लावायचा नाही, असं देवीसमोर ठरलं होतं.

रुक्मिणीबाई चुणचुणीत. नवरा साधा, घरचा सगळा विचार तीच करायची. तिच्या कानावर सुलभच्या शेअरचं गेलं. एका संध्याकाळी ती कोकिळाच्या चुलीपाशी येऊन टेकली आणि म्हणाली, तू दोन्ही मशीन रोज पाहतं, भाऊबी तुले विचारून ठरवतात म्हणे, मंग आमाले सांग, कोणतं चांगलं?

आयुष्यात कोणी कोकिळाला कशाबद्दल मत विचारलं नव्हतं. भाकरी तव्यावर होती, सासू ऐकत होती, आणि त्या एका घटकेला ती भ्यायचं विसरली.

“सुलभ,” ती म्हणाली. “एकदाही थांबलं नाही. त्या मेरूचं काही खरं नाही, काकू.”

रुक्मिणीबाई उठली आणि तीन घरं फिरून आली. दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुताना बाया बोलत होत्या की कोकिळा म्हणते सुलभचे पैसे दुप्पट होतात. कोकिळाने ते ऐकलं आणि तिच्या हातातला साबण पाण्यात गेला. मी असं म्हटलं नाही, हे तिने सांगायला पाहिजे होतं. पण सगळ्या इतक्या आनंदात होत्या. कोणी लेकीचं बाळंतपण बोलत होती, कोणी घरावरचे पत्रे. ती पिळे बादलीत भरून गुमान घरी आली.

मग गटाची बैठक झाली. ठरलं, की पुढच्या बाजाराच्या दिवशी पैसे भाऊंच्या हाती द्यायचे. सोजराबाईने सुनेकडे पाहिलं. कोकिळा खाली मान घालून तांदूळ निवडत होती. सासूला वाटलं, पोरीला खात्री असेल.

बाजाराच्या आदल्या दिवशी मेरूचा माणूस आला. नारायणरावांनी त्या कंपनीला कळवलं होतं की तुमचा डबा घेऊन जा. वाहेद त्याचं नाव, देऊळगाव राजाचा, बारीक अंगाचा, खांद्यावर पिशवी. तीन गाड्या बदलून आलेला. कोकिळाने त्याला पाणी दिलं आणि मागच्या खोलीत नेलं. त्याने कॅलेंडर पाहिलं. लाल खुणा पाहून त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, असं कुठेच होत नाही. मग तो वाकून डब्याच्या मागे पाहायला लागला आणि पाहतच राहिला.

“ताई, याच्यासोबतचा लहान डबा कुठे आहे?”

कोकिळाने कपाटावर बोट दाखवलं. डब्यावर धूळ आणि वर कोणीतरी ठेवलेलं उदबत्तीचं घर. वाहेदने ते घर अलगद बाजूला ठेवलं आणि डबा खाली उतरवला. आधी तो हसला. मग त्याने कोकिळाचं तोंड पाहिलं आणि हसणं थांबवलं.

त्याने सांगितलं ते असं. हा डबा मोठ्याची नक्कल ठेवतो. रोज काम संपलं की मेरू दिवसभराचं सगळं या डब्यातल्या फितीवर उतरवतो, म्हणजे उद्या मोठा डबा जळाला तरी माणसांच्या ठेवी जळत नाहीत. डबा सापडला नाही तर तो पुढे जात नाही. वाट पाहत थांबतो.

“हे बंद पडलं नव्हतं, ताई. तुमची वाट पाहत होतं.”

कोकिळा खुर्चीवर बसली. लाल खुणांनी भरलेलं ते कॅलेंडर तिच्याच हातचं होतं, आणि त्या खुणांवर बायांचं बियाणं उभं होतं. तिने विचारलं, मग हे दुसरं, सुलभ, ते कसं कधीच थांबत नाही?

वाहेदने सुलभभोवती एक चक्कर मारली. हात लावला नाही. म्हणाला, त्याला वेगळी नक्कल ठेवायला सांगावं लागतं, सांगितलं नाही तर तो विचारत नाही. तुम्ही सांगितलंय का? कोणीच सांगितलं नव्हतं. असं काही सांगायचं असतं हेच कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे हंगामभराची सगळी कर्जं, सगळे हप्ते त्या एका हसऱ्या डब्यात, आणि दुसरीकडे कुठेच नाही. “वाईट आहे असं म्हणत नाही मी,” वाहेद म्हणाला. “दुसऱ्याच्या मशीनला नावं ठेवायचा मला पगार नाही. तसा आपल्या मशीनची तारीफ करायचाही दोन महिन्यांपासून नाही.”

“म्हंजे?”

“पगार थकलाय, ताई. कंपनी विकायला काढली म्हणतात.”

कोकिळाने सगळं बळ एकवटून विचारलं, की मग एखाद्याने तुमच्या कंपनीत पैसा घातला तर? वाहेदने लगेच मान हलवली. म्हणाला, “माझी सायरा विचारत होती, तिच्या भावाला शेअर घ्यायचे होते. मी नको म्हणालो. मशीन एक नंबर आहे. पण माझ्या बायकोच्या माहेरचा पैसा मी यात घालणार नाही.”

आणि सुलभमध्ये? ते मला कसं माहीत असणार, तो म्हणाला. त्यांचा माल खपतो आहे हे खरं. खपणारा माल चांगला असतोच असं नाही, आणि चांगल्याचं सोनं होतंच असं नाही.

डबे आज नेत नाही, आधी अध्यक्षांना हे सांगून पाहा, असं म्हणून तो लहान डबा जोडून, मेरू चालू करून, चहा पिऊन निघून गेला. नारायणराव जागेवर नव्हते. त्या संध्याकाळी मेरू थांबला नाही. लहान डबा कुरकुर करत फीत फिरवत राहिला, आणि ती कुरकुर ऐकत कोकिळा एकटी त्या खोलीत उभी होती. तिला एक गोष्ट कळली होती आणि ती कळायला कॉम्प्युटरचा वर्ग लागत नव्हता. पऱ्हाटी चांगली आली म्हणून भाव चांगला येतो का? बोंडं लागून लागून झाड वाकतं आणि त्याच साली कापूस मातीमोल जातो. पीक वेगळं, भाव वेगळा. मशीन वेगळं, कंपनी वेगळी. हे तिला रुक्मिणीबाईला चुलीपाशी सांगता आलं असतं. पण तेव्हा तिला विचारलं गेल्याचाच आनंद झाला होता.

आता सांगायचं तर काय सांगायचं? सुलभ वाईट म्हणावं तर बाया म्हणतील, बरं, मेरूत घालू. दोन्ही नको म्हणावं तर भाऊ विचारतील, तुला कोण विचारतं? आणि समजा सुलभचे शेअर चढलेच? मग साऱ्या गावाचं नुकसान हिच्या एका तोंडाने केलं असं होईल. नोकरी जाईल ती वेगळीच. घरी येताना जीपमध्ये तिला एवढंच समजत होतं की काल ज्या गोष्टी भीतीच्या वाटत होत्या, कुत्रं, वीज, विहीर, त्या सगळ्या बऱ्या होत्या. त्यांत दुसऱ्याचं काही बुडत नव्हतं.

घरी सासू भाकरी घेऊन वाट पाहत होती. कोकिळाने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलली. पहाटे उठून ती मारुतीच्या देवळात गेली, तेल वाहिलं, हात जोडून उभी राहिली. काय मागावं तेच सुचेना. शेवटी एवढंच म्हणाली, देवा, आवाज दे. बाकी मी पाहते असं म्हणायची तिची हिंमत नव्हती, म्हणून तेवढंच.

बाजाराच्या दिवशी मोताळ्यात पाय ठेवायला जागा नसते. बाया भाजीपाला, मिरच्या, बांगड्या करत करत दुपारी पतसंस्थेत आल्या. रुक्मिणीबाईच्या कमरेला पैशाची पिशवी. नारायणराव आज मुद्दाम आले होते, सर्वांसाठी चहा सांगितला होता. महादेवराव कागद घेऊन बसले होते. नारायणराव बायांना समजावत होते की कोकिळाबाईंनीच सारा हंगाम परीक्षा घेतली, एक मशीन रोज नापास, एक रोज पास, आता यात शंका ती काय राहिली?

कोकिळा आपल्या खुर्चीवरून उठली.

“भाऊ,” ती म्हणाली. कोणाला ऐकूच गेलं नाही. चहाच्या कपबशा वाजत होत्या. ती पुन्हा म्हणाली, आणि महादेवरावांनी वर पाहिलं.

“मेरू नापास नव्हतं. आपण त्याचं लहान पाकीट काढून ठेवलं होतं.”

महादेवरावांचा चेहरा पडला. नारायणरावांना काही समजेना. तिने अडखळत, मागेपुढे करत सांगितलं: लहान डबा काय करतो, तो नसला की मेरू का थांबतो, सुलभची नक्कल कुठेच नाही. वाहेद काय म्हणाला तेही. आवाज मध्येच जायचा, मग ती तेच वाक्य पुन्हा सांगायची.

नारायणराव शांतपणे म्हणाले, “म्हंजे मेरू चांगलं म्हणता तुमी? मंग त्याचे घ्या शेअर. आपली काही जबरदस्ती हाय का?”

“नाही भाऊ. त्याचे तं बिलकुल नको. त्यांचा पगार होऊन नाही राह्यला.”

“मंग सुलभचे काऊन नको?”

“मले माहीत नाही.”

“माहीत नाही?” नारायणराव हसले. बायांकडे वळून म्हणाले, “घ्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. हिले सावली दिसली तरी साप म्हणते, अन् तिच्या भरोशावर बसाल तं जन्मभर वेचणीच करसाल.”

काही बाया हसल्या. कोकिळाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, पण इतकं हळू की जवळच्यांनाच ऐकू गेलं, “मी मशीन पाह्यते, कंपनी नाही पाहत. मी म्हटलं म्हणून देऊ नका. देवीसमोर ठेवलेला पैसा हाय.”

सगळ्या सोजराबाईकडे पाहायला लागल्या. म्हातारीने चहाची बशी खाली ठेवली. तिला सर्व्हर काही कळला नव्हता आणि शेअर त्याहून नाही. पण सून सगळ्यांसमोर उभी राहून बोलली, आणि बोलताना तिचे गुडघे कापत होते हे तिने पाहिलं होतं.

“जे पोरगं अंधाराले भेते ते अंधारात जाऊन आलं, तं काहीतरी पाहूनच आलं असंन,” सोजराबाई म्हणाली. “बियाण्याचा पैसा बियाण्याले.”

रुक्मिणीबाईने पिशवी कमरेची सोडली नाही. ती म्हणाली, मग ज्याचा त्याचा हिस्सा ज्याला त्याला द्या. तिथेच, चहाच्या टेबलावर, गट फुटता फुटता राहिला. बाकीच्यांनी आपापला हिस्सा परत गटाच्या पिशवीत घातला आणि ती सोजराबाईकडे दिली. रुक्मिणीबाईने आपला हिस्सा नारायणरावांपुढे ठेवला, कागदावर अंगठ्याऐवजी ठसठशीत सही केली आणि कोकिळाकडे न पाहता बाजारात निघून गेली.

त्यानंतरचे दिवस कोकिळाला सगळ्यांत कठीण गेले. सुलभवाल्या कंपनीचे शेअर बाजारात आले आणि चढले. नारायणराव रोज संस्थेत येऊन महादेवरावांना भाव मोठ्याने वाचून दाखवायचे, नजर कोकिळाच्या पाठीवर. गावात हातपंपापाशी ती आली की बोलणं थांबायचं. एका बाईने तर तोंडावर म्हटलं, तुझ्या भेवापायी माझ्या लेकीचे पैंजण गेले. मेरू तर गेलाच होता. कंपनी विकली गेली, विकत घेणाऱ्याने मेरू बंद केला, आणि वाहेद जालन्यात मोबाईलच्या दुकानात लागला असं ऐकू आलं. संस्थेने सुलभच ठेवला. तिने भीतभीतच महादेवरावांना विचारलं आणि त्यांनी यावेळी न हसता परवानगी दिली: रोज संध्याकाळी ती सुलभची नक्कल सीडीवर उतरवायची आणि ती सीडी घरी नेऊन देवघराच्या फळीवर ठेवायची. ती अजून तरी कामाला आलेली नाही. येऊ नये.

मग भाव उतरायला लागले. आधी नारायणराव म्हणाले, हे तात्पुरतं. मग त्यांनी मोठ्याने वाचणं बंद केलं. मग संस्थेत येणंही कमी झालं. बाजार सगळाच कोसळला होता, बऱ्यावाइटाचा भेद न करता, आणि त्यात सुलभची कंपनी पार तळाला गेली. मशीन मात्र तसंच चालत होतं, रंगीत खिडक्या तशाच हसत होत्या. कोकिळाला आनंद झाला नाही. तिला उलट जास्त भीती वाटायला लागली, की एका शब्दाच्या अलीकडे पलीकडे एवढं सगळं असतं.

रोहिण्या लागल्या, पेरणी तोंडावर आली. बाया गटाच्या पैशाने बियाणं आणायला जाणार त्याच्या आदल्या सकाळी रुक्मिणीबाई कोकिळाच्या दारात उभी राहिली. त्या बाजाराच्या दिवसापासून ती उंबऱ्याला आली नव्हती. कोकिळा अंगण सारवत होती. तिला वाटलं, आता ही सगळं बाहेर काढणार. ती शेणाच्या हातानेच उभी राहिली.

रुक्मिणीबाई वाळली होती. ती भांडली नाही. म्हणाली, “त्या दिवशी तू जरा मोठ्यानं काऊन नाही बोलली वो?”

“भेली होती मी, काकू.”

रुक्मिणीबाई भिंतीला टेकली. म्हणाली, “मीबी भेलीच होती. सगळे समोर जातीन अन् मी मागं राहीन, असं वाटलं.”

आतून सोजराबाई सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, रुक्मिणीबाईकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. म्हणाली, उद्या जीप सकाळी लवकर भरते, गट तुझंही बियाणं आणील, वेचणीला फेडशील, आता उन्हात उभी राहू नको, चहा घे. रुक्मिणीबाई ओसरीवर बसली. कोकिळाने हात धुतले आणि चुलीवर आधण ठेवलं. दोघींनी आपापला चहा बशीत ओतला आणि फुंकून फुंकून प्यायला.